एचबी९ नॉकआउट उंदरांवर काम सुरू करताय? मग आधी हे वाचा

जून उजाडला की आमच्या लॅबमध्ये नवीन पोरं येतात, कोणी एमएस्सीचं डिझर्टेशन करायला, कोणी जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो म्हणून, ओली छत्री दाराशी टेकवतात आणि पहिल्याच आठवड्यात तेच प्रश्न विचारतात जे मी गोव्यातल्या फोंड्याहून रोज कदंबा बसने येजा करायचे तेव्हा विचारलेले. दरवर्षी प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. मराठीत लिहितेय कारण इंग्रजीत प्रोटोकॉल ढिगाने आहेत, पण पहिल्यांदा उंदराचा पिंजरा उघडणाऱ्या माणसाला कोणी शेजारी बसून समजावल्यासारखं फार कमी ठिकाणी मिळतं.

त्यातला एक प्रश्न दरवर्षी असतोच. एचबी९ नॉकआउटमध्ये, म्हणजे एचबी९ नावाचा जीन मुद्दाम बिघडवलेल्या उंदरात, मोटर न्यूरॉन तयार होत नाहीत ना? होतात. वेळेवर होतात, सुरुवातीला संख्याही जवळपास नेहमीएवढीच असते, फक्त त्यांना आपण कोण आहोत हे धड कळत नाही. हे एवढं आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या, कुठल्या दिवशीचे गर्भ घ्यायचे, कुठला अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते दाखवून देणारा) लावायचा, काय मोजायचं, सगळं यावरून ठरतं.

आधी जीन समजून घ्या, उंदीर नंतर

मोटर न्यूरॉन म्हणजे मज्जारज्जूत बसून लांब धागा स्नायूपर्यंत पाठवणारी पेशी. गर्भात मज्जारज्जूच्या पोटाकडच्या बाजूला नोटोकॉर्ड आणि फ्लोअर प्लेट असतात, तिथून सॉनिक हेजहॉग नावाचं प्रोटीन झिरपतं, जवळ जास्त आणि लांब कमी, आणि त्या प्रमाणावरून पेशींचे पट्टे पडतात. ज्या पट्ट्यात ऑलिग२ चालू असतं त्यातून मोटर न्यूरॉन निघतात आणि त्याला लागून वरच्या पट्ट्यातून व्ही२ इंटरन्यूरॉन, म्हणजे स्नायूपर्यंत न जाता इतर न्यूरॉनशीच जोडणाऱ्या पेशी. ही दोन घरं एकाच वाड्यातली आहेत असं समजा, मधली भिंत पातळ आहे. दोघांमध्येही एलएचएक्स३ नावाचं प्रोटीन असतं. मोटर न्यूरॉनमध्ये त्याच्या जोडीला आयलेट१ येतं, व्ही२ए मध्ये, म्हणजे व्ही२ च्या एका प्रकारात, ते नसतं आणि तिथे सीएचएक्स१० चालू होतं. आता मोटर न्यूरॉनमध्येही एलएचएक्स३ असल्यामुळे व्ही२ए चे जीन चुकून चालू व्हायचा धोका कायम असतो, आणि एचबी९ नेमकं ते दाबून ठेवतं. एचबी९ काढलं की तीच पेशी आयलेट१ पण दाखवते आणि सीएचएक्स१० पण.

हे १९९९ मध्ये एकाच वेळी दोन ग्रुपनी दाखवलं, न्यूरॉन जर्नलमध्ये दोन्ही पेपर लागून आहेत, एक थॉमस जेसेल यांच्या लॅबचा आणि एक सॅम्युअल फाफ यांच्या. दोन्ही वाचाच, आणि नुसता अॅबस्ट्रॅक्ट नको, फिगर समोर ठेवून वाचा. त्याच वर्षी नेचर जेनेटिक्समध्ये आणखी दोन पेपर आले ज्यात याच जीनशिवाय स्वादुपिंडाचा पाठीकडचा भाग बनत नाही असं दिसलं. म्हणजे हा जीन फक्त न्यूरॉनचा नाही, हे लक्षात असू द्या, कोणीतरी परीक्षक विचारतोच.

नावांचा घोळ आधीच सोडवून टाका. एचबी९, एचएलएक्सबी९ आणि एमएनएक्स१ ही तिन्ही एकाच जीनची नावं, आता अधिकृत एमएनएक्स१. तसंच सीएचएक्स१० आता व्हीएसएक्स२ झालंय. सर्च करताना सगळी नावं टाका, नाहीतर अर्धं वाङ्मय हातातून निसटतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

आणि जर तुमच्या प्रश्नाला खरोखर मोटर न्यूरॉनच नसलेला गर्भ लागत असेल तर हा उंदीर तुमचा नाही. २००२ मधले ऑलिग२ चे नॉकआउट बघा, त्यांच्या मज्जारज्जूत मोटर न्यूरॉनही नाहीत आणि न्यूरॉनच्या धाग्यांवर आवरण चढवणारे ऑलिगोडेंड्रोसाइटही नाहीत. आयलेट१ चा १९९६ मधला नॉकआउट पण आहे पण तो गर्भ साधारण दहाव्या दिवसापुढे जगत नाही, त्यामुळे पुढचं काही बघता येत नाही.

एक गोष्ट घरच्यांसाठीसुद्धा सांगते. माझ्या आत्याने चवथीला आल्यावर विचारलेलं की गावातल्या एकांना मोटर न्यूरॉनचा आजार झालाय, तुमच्या उंदरांतून त्यांना काही औषध निघेल का. तिला मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. तो आजार म्हणजे तयार झालेले, वर्षानुवर्षं काम केलेले न्यूरॉन मरणं, त्यासाठी एसओडी१ जीनची बिघडलेली प्रत घातलेले उंदीर आहेत जे १९९४ पासून वापरात आहेत. आमचा उंदीर न्यूरॉन घडतो कसा ते बघायला आहे. पण आज लॅबमध्ये स्टेम सेलपासून मोटर न्यूरॉन बनवतात तेव्हा तो खरंच मोटर न्यूरॉन झालाय का हे तपासायला एचबी९ हीच खूण वापरतात, म्हणजे आपलं काम त्या कामाच्या पायाशी आहे. कोणाला खोटी आशा देऊ नका, आणि आपलं काम निरुपयोगी आहे असंही सांगू नका.

परवानग्या

यात शॉर्टकट नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखाली १९९८ चे नियम, आणि देखरेख करणारी समिती सीसीएसईए, जिला जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात. तुमच्या संस्थेची आयएईसी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणारी समिती, असते, तिच्याकडे फॉर्म बी भरायचा. जनुकीय बदल केलेला प्राणी असल्यामुळे बायोसेफ्टी कमिटीचीही मंजुरी लागते. परदेशातून आणायचा असेल तर आयातीचे कागद वेगळे, त्याला महिने लागू शकतात, म्हणून दोन वर्षांची फेलोशिप असेल तर पहिल्याच महिन्यात विचारून घ्या की स्ट्रेन, म्हणजे उंदरांची ही लाइन, आपल्याकडे आधीच आहे का.

फॉर्ममध्ये किती प्राणी लागतील ते लिहावं लागतं आणि सगळे तिथे अंदाजे आकडा टाकतात. तसं नका करू, हिशोब सोपा आहे. एक बिघडलेली प्रत असलेले, म्हणजे हेटेरोझायगस, नर आणि मादी जुळवले की चारात एक गर्भ पूर्ण नॉकआउट. एका मादीत आठ गर्भ धरले तर सरासरी दोन. पण सरासरी म्हणजे हमी नाही, आठपैकी एकही नॉकआउट न निघण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण असं आठ वेळा केलं की साधारण १० टक्के येते. म्हणजे दहातली एक मादी तुम्ही विनाकारण मारणार. तीन मादींतून २४ गर्भ, त्यात सरासरी सहा नॉकआउट, एका वयासाठी तीन-चार चांगले नमुने मिळायला एवढं पुरतं. हा हिशोब फॉर्ममध्ये लिहिला की कमिटीलाही पटतं आणि तुम्हालाही कळतं की प्रत्येक मादी कशासाठी जातेय.

नेमका कुठला उंदीर आपल्याकडे आहे?

इथे नवीन माणूस हमखास अडकतो. पिंजऱ्याच्या कार्डवर नुसतं एचबी९ लिहिलेलं असतं आणि त्याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात.

एचबी९ जीएफपी हा उंदीर नॉकआउट नाहीच. त्यात एचबी९ च्या प्रमोटरचा, म्हणजे जीन चालू करणाऱ्या भागाचा, तुकडा लावून हिरवं प्रोटीन चालू केलंय आणि ते जीनोममध्ये दुसरीकडेच कुठेतरी बसलंय, मूळ जीन धडधाकट आहे. न्यूरॉन हिरवे दिसतात, बघायला सुंदर, पण थोड्या वयाच्या मज्जारज्जूत काही इंटरन्यूरॉनही हिरवे दिसतात, म्हणून हिरवं म्हणजे मोटर न्यूरॉन असं डोळे मिटून धरायचं नाही.

दुसरा, ज्यात मूळ जीनच्या जागीच लॅकझेड नावाचा जीन घातलाय. हा खरा नॉकआउट, आणि वर फायदा असा की ज्या पेशीत एचबी९ असायला हवं होतं ती पेशी एक्सगॅल या रसायनाने निळी होते. पुढे या निळ्या रंगाचं महत्त्व कळेल. तिसरा एचबी९ क्रे, यातही क्रे, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एन्झाइमचा जीन, मूळ जीनमध्ये घुसवलेलं आहे, त्यामुळे क्रे च्या दोन प्रती एकत्र आल्या की जीन गेलाच. कोणीतरी क्रे ची लाइन म्हणून क्रे गुणिले क्रे ब्रीडिंग लावतं आणि मग पिल्लं का मरतायत म्हणून डोकं धरून बसतं.

बॅकग्राउंडही, म्हणजे उंदराची मूळ जात कुठली तेही, विचारा. जुने नॉकआउट १२९ जातीच्या स्टेम सेलमध्ये बनले, नंतर सी५७ब्लॅक६ (थोडक्यात ब्लॅक६) या जातीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवले. दहा पिढ्या झाल्या असतील तर ठीक. नसतील तर एक पक्कं करा, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे गर्भ, कायम त्याच मादीच्या पोटातले भावंड गर्भ घ्यायचे, विकत आणलेल्या ब्लॅक६ चे नाही.

गोव्यात कॉलनी सांभाळणं

प्रोटोकॉलच्या पुस्तकात हा भाग सापडणार नाही आणि आमच्याकडे जास्त काम यावरच बिघडतं.

उंदरांना साधारण २२ अंश, आणि हवेतला ओलावा ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये लागतो. जुलैत आमच्याकडे बाहेर ९० च्या वर असतो. एसी नुसता थंड करतो, ओलावा हवा तेवढा काढेलच असं नाही, डीह्युमिडिफायर वेगळा लागतो आणि त्याची टाकी कोणी रिकामी करायची ते नावासकट ठरवून ठेवा. बेडिंग, आमच्याकडे मक्याच्या कणसाचा भुगा वापरतात, ऑटोक्लेव्हमधून काढलं की ओव्हनमध्ये पूर्ण सुकवा, दमट गेलं तर दोन दिवसांत वास मारायला लागतं आणि अमोनियाने पिल्लांचे हाल होतात. खाद्याची गोणी जमिनीवर ठेवायची नाही, भिंतीला टेकवायची नाही, बुरशीचा एक दाणा दिसला तरी गोणी बाद. मुंग्यांसाठी रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, जशा घरी फडताळाखाली ठेवतो तशाच. औषध मारायचं नाही.

लाइट जाणं. जनरेटर असतो, पण अॅनिमल रूमच्या दिव्यांचा टायमर लाइट गेल्यावर शून्यावर येतो आणि परत आल्यापासून मोजायला लागतो. आमच्या एका पावसाळ्यात असं झालं आणि आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, रूममध्ये रात्र सुरू व्हायची दुपारी. उंदीर अंधारात जुळतात, त्यामुळे सकाळी प्लग, म्हणजे जुळल्याची खूण, बघायला गेलं की बहुतेक वेळा एकही नाही, आणि जे सापडले त्यांचे गर्भ अर्ध्या दिवसाने पुढेमागे. दीड महिन्याचं काम गेलं. बॅटरीवाला टायमर घ्या, आणि रोज सकाळी आत गेल्यावर मोबाइलवर बघा की दिवा लागायच्या वेळेला लागलाय का.

आवाज. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासूर, शिगम्याला ढोल, लग्नाच्या सीझनला डीजे. आपल्याला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीतलंही उंदीर ऐकतात, आणि नुकती व्यालेली मादी घाबरली तर पिल्लं खाते. अॅनिमल हाऊस रस्त्याला लागून असेल तर कॅलेंडर घेऊन बसा आणि त्या आठवड्यात कोणी व्यायला येणार नाही असं बघा. आमचे अॅनिमल हाऊसमधले काका हे पंचांग बघितल्यासारखं बघतात आणि त्यांचं ऐकलं की पिल्लं वाचतात, एवढं मी अनुभवाने सांगते. काकांशी नीट वागा, पिंजरा हातात घेतल्या घेतल्या मादी बरी नाही हे त्यांना कळतं, आपल्याला कळायला वर्ष लागतं.

कॉलनी चालवायची ती हेटेरोझायगस आणि साध्या ब्लॅक६ च्या जुळणीने. हेटेरोझायगस उंदीर निरोगी असतात, पिल्लं देतात, चालणं-फिरणं सगळं नेहमीचं. गंमत म्हणजे माणसात असं नाही, याच जीनची एक प्रत बिघडली तरी करारिनो सिंड्रोम होऊ शकतो, ज्यात माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी नीट बनत नाही. उंदरात एक प्रत पुरते. असं का, हा अजून विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

पिल्लं २१ दिवसांनी आईपासून वेगळी करायची, मादी आठ आठवड्यांची झाली की ब्रीडिंगला घ्यायची. नर एकेकटा ठेवायचा.

जीनोटायपिंग

जीनोटायपिंग म्हणजे कोणाकडे जीनच्या कुठल्या प्रती आहेत ते तपासणं. कानाला पंच मारला की नंबरही मिळतो आणि डीएनएही, शेपूट कापायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवणं) तीन प्रायमरचा, एक दोन्हीत चालणारा, एक फक्त चांगल्या प्रतीचा, एक फक्त बिघडलेल्या प्रतीचा. जेलवर एक बँड किंवा दुसरा किंवा दोन्ही. प्रत्येक जेलवर पाणी, माहीत असलेला साधा (दोन्ही प्रती चांगल्या), माहीत असलेला हेटेरोझायगस. पूर्ण नॉकआउटचा कंट्रोल मोठ्या उंदरातून कधीच मिळणार नाही कारण तो जन्मताच मरतो, म्हणून पहिला नॉकआउट गर्भ मिळाला की त्याचा डीएनए भरपूर काढून छोट्या ट्यूबमध्ये वाटून फ्रीझ करून ठेवा, पुढच्या दहा बॅचच्या पोरांना तो पुरेल.

तीन आठवड्यांचं धडधाकट पिल्लू जेलवर नॉकआउट दिसलं तर आनंदाने उड्या मारू नका. पीसीआर चुकलाय. चांगल्या प्रतीचा बँड उमटला नाही, बस एवढंच. डीएनए परत काढा. तसंच हेट (हेटेरोझायगस) गुणिले हेट मधून जी पिल्लं जगतात त्यात तीनात दोन हेट आणि एक साधं असंच निघणार, निम्मी हेट येतील म्हणून वाट बघू नका.

टाइम्ड मेटिंग आणि पहाटेची फेरी

मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं. अशाच कुठल्याही चार माद्या टाकल्या तर एखादीच त्या रात्री जुळते. सोपा उपाय, नराच्या पिंजऱ्यातलं घाण बेडिंग मूठभर माद्यांच्या पिंजऱ्यात आधी टाकायचं, त्या वासाने त्यांचं चक्र एकत्र येतं आणि तिसऱ्या रात्री जास्त प्लग मिळतात. संध्याकाळी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, उलटं नाही, नर नव्या जागी गेला की अर्धी रात्र हुंगत फिरतो.

सकाळी लवकर जायचं. प्लग म्हणजे योनीत घट्ट झालेला पांढरट-पिवळसर गोळा, ब्लंट प्रोबने, म्हणजे बोथट टोकाच्या सळीने, हलकेच तपासायचा, बारा वाजेपर्यंत थांबलात तर तो पडून गेलेला असतो. प्लग दिसला त्या दिवशी दुपारी बारा म्हणजे ई०.५, ई म्हणजे एम्ब्रायॉनिक डे, गर्भाचं दिवसांतलं वय. त्यावरून ई१०.५ म्हणजे बरोबर दहा दिवसांनी दुपार, हे कार्डवर तारखेसकट लिहा, डोक्यात ठेवू नका. प्लग म्हणजे गर्भ नाही, फक्त मेटिंग झालंय. प्लगच्या दिवशी वजन करा, दहाव्या दिवशी परत करा, दोन-तीन ग्रॅम वाढ असेल तरच पुढे जा, नसेल तर मादीला परत मेटिंगला घ्या, उगाच मारू नका.

प्लग झालेल्या मादीला अनोळखी नराजवळ ठेवायचं नाही, सुरुवातीच्या दिवसांत परक्या नराच्या वासाने गर्भ रुजतच नाही. आमच्याकडे रॅक बदलताना हे झालेलं आहे.

गर्भ काढणं

मादीला मारायची पद्धत आयएईसीने मंजूर केली तीच, आणि ती तुम्हाला कोणी सीनियरने हात धरून शिकवलेली असली पाहिजे. पहिल्या वेळी हात थरथरतात. थरथरू दे, पण ज्या दिवशी मन थाऱ्यावर नाही त्या दिवशी सीनियरला सांगून बाजूला व्हा, अर्धवट हाताने केलं की त्रास तिला होतो.

गर्भाशय बर्फावरच्या पीबीएस या खारट बफरमध्ये. ई१०.५ चा गर्भ तूरडाळीच्या दाण्याएवढा. दिवस मोजण्यावर विसंबू नका, एका पोटातलेही पुढेमागे असतात, सोमाइट, म्हणजे गर्भाच्या पाठीवरचे ओळीने असलेले ठोकळे, मोजा, ई१०.५ ला ३५ ते ३९ च्या आसपास. नॉकआउट आणि त्याचं कंट्रोल भावंड यांचे सोमाइट जुळले पाहिजेत, दोन-तीनच्या फरकात, कारण या वयात सहा तासांत मज्जारज्जू बदलतो.

जीनोटायपिंगला यॉक सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची त्याची स्वतःची पिशवी, घ्यायचा, आणि इथे सगळं लक्ष द्या. आई हेटेरोझायगस आहे. तिच्या ऊतीचा एक कण जरी यॉक सॅकला चिकटून राहिला तर जेलवर दोन्ही बँड येतात आणि तुमचा नॉकआउट गर्भ हेट म्हणून नोंदला जातो, कायमचा हरवतो. बाहेरचं डेसिड्युआ, म्हणजे आईच्या गर्भाशयाचं अस्तर, पूर्ण सोला, यॉक सॅक स्वच्छ पीबीएसच्या तीन वेगवेगळ्या वाट्यांतून काढा, आणि प्रत्येक गर्भानंतर चिमटा इथेनॉलमध्ये आणि मग पाण्यात. आठपैकी आठ हेट आले तर हेच कारण.

मग ऊती आहे तशी टिकवायला ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, फ्यूम हुडमध्येच, बर्फावर तास-दीड तास. लॅकझेड बघायचं असेल तर आणखी कमी, नाहीतर एन्झाइम मरतं. मग ३० टक्के साखरेत, म्हणजे सुक्रोजमध्ये, गर्भ तळाशी बसेपर्यंत, मग गोठवण्यासाठी ओसीटी या चिकट द्रवात, मग क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेली ऊती कापणाऱ्या यंत्रावर, १२ ते १४ मायक्रॉनचे सेक्शन. पावसाळ्यात स्लाइड बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, बॉक्स बंदच ठेवून रूमच्या तापमानाला येऊ द्या आणि मग उघडा.

स्टेनिंग, आणि माझी चूक

पहिल्या वर्षी माझा पहिला नॉकआउट गर्भ मिळाला, मी एचबी९ चा अँटीबॉडी लावला, भावंडाच्या मज्जारज्जूत दोन्ही बाजूंना सुंदर झुबके आणि नॉकआउटमध्ये काळोख. मी धावत जाऊन सरांना सांगितलं, मोटर न्यूरॉन नाहीयेत. सर शांतपणे म्हणाले, तू जीन काढलास आणि त्याच जीनचं प्रोटीन शोधतेस, ते दिसेल कसं? पेशी गेली की खूण गेली हे तुला या स्लाइडवरून कळणारच नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, एचबी९ चा अँटीबॉडी फक्त नॉकआउट झालंय हे पटवायला. पेशी आहेत का ते बघायला आयलेट१ लावा, किंवा लॅकझेडवाली लाइन असेल तर निळा रंग बघा. दोन्ही दाखवतात की पेशी जागच्या जागी आहेत. मग सीएचएक्स१० लावा, आणि मोटर न्यूरॉनच्या जागी एकाच न्यूक्लियसमध्ये आयलेट१ आणि सीएचएक्स१० दोन्ही दिसतायत का ते कन्फोकलवर, म्हणजे एकेक पातळ थर दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपवर, बघा. साध्या मायक्रोस्कोपवर नको, जाड सेक्शनमध्ये वरखाली असलेल्या दोन शेजारी पेशी एकच वाटतात आणि खोटी दुहेरी खूण मिळते. भावंडात हे दोन रंग वेगळे राहतात, नॉकआउटमध्ये मिसळतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच नाही, जेवायची वेळ टळून गेली.

आयलेट१ चा आणखी उपयोग, बाजूच्या डॉर्सल रूट गँगलियामध्येही, म्हणजे संवेदना नेणाऱ्या न्यूरॉनच्या गाठींमध्येही, ते असतं आणि तिथे एचबी९ चा काही संबंध नाही. म्हणजे त्याच सेक्शनवर तुमचा कंट्रोल. गँगलिया उजळले नाहीत तर स्टेनिंग फसलंय, निकाल काढू नका.

डीएसएचबी या अँटीबॉडी पुरवणाऱ्या बँकेचे एचबी९ आणि आयलेट१ चे जे अँटीबॉडी बहुतेक लॅब वापरतात ते दोन्ही उंदरातलेच, एकत्र लावले तर एकच सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटीबॉडीला धरून रंग दाखवणारा दुसरा अँटीबॉडी, दोघांनाही धरतो. एक ससा किंवा गिनीपिगमधला घ्या. कुरियर शुक्रवारी निघणार असेल तर थांबवा, शनिवार-रविवार गोदामात बर्फ वितळून आमची एक व्हायल गेलीय.

मोजताना पातळी जुळवा. हातापायांच्या पातळीवर मोटर न्यूरॉन जास्त असतात, छातीच्या पातळीवर कमी, त्यामुळे एकाचा हाताचा आणि दुसऱ्याचा छातीचा सेक्शन घेतला तर फरक दिसणारच आणि तो खोटा असेल. प्रत्येक पाचवा सेक्शन मोजा, आणि स्लाइडचे नंबर कोणा मैत्रिणीकडून झाकून घ्या, तिला चहा पाजा पण झाकून घ्याच.

ई१८.५, डायफ्रॅम

नॉकआउट पिल्लू जन्मल्यावर श्वास घेऊ शकत नाही, डायफ्रॅमपर्यंत, म्हणजे श्वासाच्या पडद्यापर्यंत, त्याला चालवणारी फ्रेनिक नर्व्ह पोचलेलीच नसते. जन्माची वाट बघू नका, मेलेलं पिल्लू आई खाऊन टाकते आणि तुमची मोजणी बिघडते. ई१८.५ ला काढा. एवढ्या मोठ्या गर्भाला वेदना होऊ शकतात आणि मारायला वापरतात तो कार्बन डायऑक्साइड त्यांच्यावर हळू चालतो, त्यांच्यासाठीची पद्धत फॉर्म बी मध्ये वेगळी लिहिलेली असली पाहिजे.

डायफ्रॅम बरगडीच्या कडेसकट अख्खा काढा, पिनने सिल्गार्डवर, म्हणजे सिलिकॉनच्या मऊ थरावर, पसरा, हलकं फिक्स करा. नर्व्हसाठी न्यूरोफिलामेंट आणि सिनॅप्टोफायसिनचे अँटीबॉडी, स्नायूवरच्या असिटाइलकोलीन रिसेप्टरसाठी बंगारोटॉक्सिन. हे बंगारोटॉक्सिन मण्यारीच्या जातीच्या सापाचं विष, आपल्याकडची नाही, तैवान-चीनकडची पट्टेरी, पण कुळ तेच. पावडर वजन करताना मास्क आणि डबल ग्लोव्हज, विरघळवलेलं घेतलंत तर अजून बरं.

भावंडात डायफ्रॅमच्या मधोमध रिसेप्टरच्या लाल ठिपक्यांचा पट्टा दिसेल आणि त्यावर बरोबर हिरवी नर्व्ह. नॉकआउटमध्ये नर्व्ह नाही. आणि तरीही मधोमध पट्टा आहे, थोडा रुंद, थोडा विस्कटलेला, पण आहे. २००१ मध्ये याच उंदरांवरून कळलं की नर्व्ह यायच्या आधीच स्नायूने आपली मधली जागा ठरवून ठेवलेली असते, त्याआधी सगळं नर्व्हच ठरवते असा समज होता. म्हणून नॉकआउटचा डायफ्रॅम नर्व्ह नाही म्हणून फेकून देऊ नका, पट्ट्याची रुंदी मोजा, डावी-उजवी बाजू वेगळी मोजा, आणि इमेज दोन आठवड्यांत घ्या. स्लाइड चार अंशाला, अंधारात, सिलिका जेलची पुडी घातलेल्या बंद डब्यात, आणि ती पुडी गुलाबी झाली की लगेच बदला.